कूलरचा आवाज आणि गेलेले ३९ गुण

पत्राचा सारांश: पत्रलेखिका नागपुरातील एका महाविद्यालयात जनसंवाद विषयाच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. गेल्या वर्षी एप्रिल महिन्यात तिच्या पाच जणांच्या गटाने अभ्यासक्रमाचा भाग म्हणून आठ मिनिटांचा लघुपट केला. धरमपेठेतल्या जुन्या घरात एकटे राहणारे आजोबा आणि शिक्षणासाठी परगावी निघालेली नात, अशी गोष्ट होती. दिग्दर्शन पत्रलेखिकेचे होते. वर्गणी काढून साडेनऊ हजार रुपयांत तीन दिवसांसाठी कॅमेरा आणि लेन्स भाड्याने आणल्या. वर्गात लघुपट दाखवला तेव्हा भरपूर टाळ्या पडल्या, गुण मात्र १०० पैकी ६१ मिळाले. दुसऱ्या एका गटाने महाल भागातल्या एका गल्लीत कूलरला नवी खस भरून देणाऱ्या कारागिरावर मोबाइलने सहा मिनिटांचा माहितीपट केला होता. त्याला ७८ मिळाले. आता सहाव्या सत्रात बारा मिनिटांचा अंतिम प्रकल्प करायचा आहे आणि गटात दोन तट पडले आहेत. पंधरा हजार खर्चून आणखी चांगला कॅमेरा आणि ड्रोन आणावा, असे काहींचे म्हणणे आहे. परीक्षकांना सामाजिक विषयच आवडतात, तेव्हा तसाच विषय घ्यावा, असे इतरांना वाटते. गुण देण्याचे निकष मोघम आहेत आणि त्यांवरून काहीच कळत नाही, अशी पत्रलेखिकेची तक्रार आहे. जुन्या गुणांसाठी फेरतपासणीचा अर्ज करावा का, असेही तिने विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

पत्रासोबत तुम्ही निकषपत्रकाचे आणि मिळालेल्या गुणांचे छायाचित्र पाठवले, हे फार बरे केले. असे प्रश्न मला अधूनमधून येतात, पण त्यांत बहुधा रागच असतो, कागद नसतो. कागद समोर असला की निम्मे भांडण तिथेच मिटते. तेव्हा कॅमेरा की विषय या वादात शिरण्याआधी आपण साधी वजाबाकी करू.

तुमच्या गटाला संकल्पना व पटकथेत २० पैकी १५, दृश्यभाषेत २० पैकी १६, ध्वनीत १५ पैकी ५, संकलनात १५ पैकी १०, निर्मितीच्या नोंदवहीत २० पैकी ९ आणि वैयक्तिक चिंतनात १० पैकी ६ गुण आहेत. एकूण ३९ गुण गेले. त्यांतले दृश्यभाषेत गेले ४. म्हणजे पंधरा हजारांचा कॅमेरा आणला, आकाशात ड्रोन उडवला आणि परीक्षकांनी पैकीच्या पैकी गुण दिले, तरी तुमची बेरीज ६५ च्या पुढे जात नाही. विषयाचे म्हणाल तर संकल्पनेच्या रकान्यात तुम्हाला ७५ टक्के आहेत, आणि त्यात विषयाबरोबर पटकथाही मोजलेली आहे. आजोबा आणि नातीची गोष्ट परीक्षकांना आवडली नाही, असे या आकड्यावरून तरी म्हणता येत नाही. ध्वनी आणि नोंदवही या दोन रकान्यांत मिळून मात्र २१ गुण गेले आहेत, म्हणजे गेलेल्या गुणांपैकी निम्म्याहून अधिक. गटातले दोन्ही तट ज्या गोष्टींवरून भांडत आहेत, त्या तुमच्या सर्वांत भक्कम बाजू आहेत, आणि जिथे घर गळते आहे तिकडे कोणाचेच लक्ष नाही.

टाळ्या आणि गुण यांच्यातली तफावत तुम्हाला टोचते आहे, ते स्वाभाविक आहे. पण त्या टाळ्या कोणी वाजवल्या, याचा विचार करून पाहा. आजोबांचे काम करणारे गृहस्थ कोण, ते घर कोणाचे, दुसऱ्या दिवशी वीज गेल्यामुळे कशी धावपळ झाली, हे वर्गातल्या निम्म्या मुलांना आधीच ठाऊक होते. न ऐकू आलेला संवाद त्यांनी मनातल्या मनात पुरा केला. परीक्षकाच्या हाती अशी शिदोरी नसते; त्याला पडद्यावर जे दिसते, कानाला जे ऐकू येते आणि नोंदवहीत जे लिहिलेले असते, तेवढेच त्याचे. शिवाय त्याला विचारलेला प्रश्नही वेगळा आहे. महोत्सवाच्या परीक्षक मंडळाला ‘चित्रपट चांगला आहे का’ असे विचारतात. अभ्यासक्रमात शिक्षकाला विचारले जाते की या विद्यार्थ्याला काय करता येऊ लागले आणि ते कुठे दिसते. या दोन प्रश्नांची उत्तरे कधी जुळतात, कधी जुळत नाहीत.

आता ‘मोघम’ या तक्रारीकडे येऊ. तुमच्या छायाचित्रातला ध्वनीचा रकाना मी भिंग लावल्यासारखा वाचला. त्यात तीन पायऱ्या आहेत. समाधानकारक: ‘संवाद ऐकू येतात.’ चांगले: ‘संवाद स्पष्ट असून पार्श्वध्वनी प्रसंगाशी सुसंगत आहे.’ उत्कृष्ट: ‘ध्वनीची निवड हेतुपूर्वक केली आहे व ती नोंदवहीत स्पष्ट केली आहे.’ निकष वाचताना नामांकडे कमी आणि क्रियापदांकडे जास्त लक्ष द्यावे. पहिल्या पायरीवर गोष्ट नुसती घडते, दुसरीवर ती प्रसंगाशी जुळते, तिसरीवर ती कोणीतरी निवडलेली असते आणि त्या निवडीचे कारण सांगितलेले असते. इतर रकान्यांतही हीच चढण आहे, शब्द तेवढे बदलले आहेत. त्या शेवटच्या वाक्याचा उत्तरार्ध पुन्हा वाचा: ‘नोंदवहीत स्पष्ट केली आहे.’ याचा अर्थ ध्वनीचे वरचे गुण ध्वनीच्या कामाने एकट्याने मिळतच नाहीत, ते नोंदवहीच्या दारातून येतात. तुमचे दोन्ही गळके रकाने एकाच तुळईखाली आहेत.

तुमच्या गुणपत्रकावर परीक्षकांनी पेन्सिलीने एक ओळ लिहिली आहे: ‘प्रसंग २ व ४, कूलरचा आवाज, संगीताने झाकण्याचा प्रयत्न.’ एप्रिलमधले नागपूर, दुपारची वेळ, बंद खोलीत पाच जण, दोन नट आणि एक दिवा. कूलर चालू ठेवल्याबद्दल तुम्हाला कोणीही दोष देणार नाही. पण गंमत पाहा. तुम्हीच लिहिता की, खस भरणाऱ्या कारागिराच्या माहितीपटात शेवटी तो कूलर सुरू करतो, पंख्याची घरघर, मग पंपाचे पाणी खसवर झिरपल्याचा आवाज येतो, आणि पडदा काळा झाल्यावरही तो आवाज काही क्षण राहतो. तुमच्या लघुपटातही कूलर, त्यांच्याही लघुपटात कूलर. ध्वनी म्हणून दोन्हींत फरक जवळपास नाही. त्यांनी तो ठरवून ठेवला होता, तुमच्या इथे तो राहून गेला होता, आणि राहून गेल्याचे लक्षात आल्यावर त्यावर व्हायोलिन पसरले होते.

पुढच्या वेळी याला तीन वाटा आहेत. पहिली अगदी साधी: टेक चालू असताना कूलर बंद आणि कट म्हटले की चालू. विद्यार्थ्यांच्या लघुपटात एकेक टेक मिनिट-दोन मिनिटांच्या वर क्वचितच जातो, तेवढा उकाडा सोसता येतो. घरातल्या फ्रिजलाही हाच नियम लावा. परत चालू करायला विसरू नये म्हणून एक जण घराच्या किल्ल्या फ्रिजमध्येच ठेवत असे, ही युक्ती मला फार आवडली होती. दुसरी वाट म्हणजे संवादाचे प्रसंग सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान उरकणे. तेव्हा रस्त्यावरचा गोंगाट कमी असतो आणि उजेडही मऊ असतो. तिसरी वाट अधिक धीटपणाची आहे. आवाज जाणारच नसेल तर कूलर फ्रेममध्ये घ्या, म्हणजे प्रेक्षकाला आवाजाचा उगम दिसतो आणि कान तो स्वीकारतो. आणि नात निघून गेल्यावर आजोबांनी तो कूलर बंद केला असता तर? त्या खोलीत जी शांतता पसरली असती, तिच्यासाठी व्हायोलिनची गरज पडली नसती. वाट कोणतीही घ्या, त्या दिवशीच्या पानावर दोन ओळी लिहा की हा निर्णय का घेतला.

याला जोडून आणखी थोडी कारागिरी. प्रत्येक जागी, सगळ्यांना गप्प उभे करून, अर्धा मिनिट त्या खोलीचा नुसता आवाज ध्वनिमुद्रित करा. याला रूम टोन म्हणतात आणि संकलन करताना दोन तुकड्यांमधली भगदाडे त्याने बुजतात. कॅमेऱ्यावरचा माइक दूर असतो, म्हणून दुसरा मोबाइल नटाच्या जवळ, फ्रेमबाहेर ठेवून त्यावर आवाज घ्या आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवणे सोपे जाते. आणि चित्रीकरण चालू असताना कोणीतरी हेडफोन लावून ऐकलेच पाहिजे. हे सगळे मिळून कॅमेऱ्याच्या एका दिवसाच्या भाड्याइतकाही खर्च येत नाही.

दृश्यभाषेच्या गेलेल्या ४ गुणांबद्दल फार बोलत नाही. परीक्षकांनी ‘आडवे पट्टे’ असे लिहिले आहे, ते ट्यूबलाइटचे असावेत. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटरचा वेग, म्हणजे एकेका चित्राला उजेड मिळण्याचा वेळ, १/६० सेकंदावर असेल तर पट्टे सरकताना दिसतात, १/५० किंवा १/१०० वर ठेवले की जातात. महागड्या कॅमेऱ्यातही शटर चुकीचे ठेवले तर हेच होते.

संकलनाच्या रकान्यात वरच्या पायरीवर ‘संकलनातून अर्थनिर्मिती’ असे शब्द आहेत आणि तुम्ही त्यांभोवती प्रश्नचिन्ह काढले आहे. सुमारे १०० वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या वाडग्याशेजारी आणि एकदा शवपेटीशेजारी जोडून दाखवला. प्रेक्षकांना त्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भूक दिसली, दुसऱ्यांदा शोक दिसला. चेहरा बदलला नव्हता, शेजारी बदलला होता. निकषातले शब्द जड असले तरी त्यांना एवढेच विचारायचे आहे: हा कट तुम्ही इथे दिला, त्यामुळे प्रेक्षकाला असे काय कळले जे त्या दोन शॉटपैकी एकट्या कोणत्याही शॉटमध्ये नव्हते? तुमच्या लघुपटातल्या अशा दोन जागा तुम्हाला दाखवता आल्या पाहिजेत. दोन पुरेत.

आता नोंदवही. तुम्ही मोकळेपणाने लिहिले आहे की ती सादर करण्याच्या आदल्या रात्री दोघींनी बसून पूर्ण केली. परीक्षकाला ते पहिल्या पानावरच कळते. मी काही वर्षे बहिःस्थ परीक्षक म्हणून काम केले आहे, त्यामुळे अनुभवाने सांगते: सगळ्या तारखा एकाच शाईत, एकाच वळणाच्या अक्षरात, एकही खाडाखोड नाही, आणि प्रत्येक दिवस ‘ठरल्याप्रमाणे’ पार पडलेला. ठरल्याप्रमाणे पार पडणारे चित्रीकरण मी अजून पाहिलेले नाही. याउलट एका गटाची वही मला आजही आठवते. तिच्या एका पानावर तर्रीचा लालसर डाग होता. त्या पानावर शॉट डिव्हिजन, म्हणजे प्रसंगाची शॉटमध्ये केलेली विभागणी होती, अकरा शॉट लिहिलेले आणि त्यांतले चार खोडलेले. समासात लिहिले होते: ‘७, ८, ९ नकोत. काकूंना पायऱ्या चढायला त्रास होतो. आता त्या खालीच थांबतील, तो वरून हाक मारेल.’ लघुपट पाहताना मला तो प्रसंग आवडला होता, कारण आई आणि मुलगा यांच्यातले अंतर त्या जिन्यात नेमके दिसत होते. वही वाचल्यावर कळले की ती कल्पना काकूंच्या गुडघ्यांतून आली होती. त्या गटाला मी नोंदवहीत पैकीच्या पैकी गुण दिले. अडचण आली, तिच्यातून निर्णय निघाला आणि तो पडद्यावर दिसला, हे तिन्ही टप्पे तिथे लेखी होते.

तुम्हाला कसलीही सजावट करायची नाही. शंभर पानी वही घ्या आणि ती चित्रीकरणाच्या पिशवीतच राहू द्या. जागा पाहायला गेलात की तिथला आवाज, उजेडाची वेळ आणि विजेच्या प्लगची जागा लिहा. स्टोरीबोर्डसाठी, म्हणजे शॉट आधी कागदावर काढून पाहण्यासाठी, काड्यांची माणसे पुरतात, चित्रकला कोणी तपासत नाही. कोणता टेक का घेतला, कोणता का टाकला, हे त्याच वेळी, शब्दश: एका ओळीत लिहा. पहिला रफ कट, म्हणजे कच्चे संकलन, गटाबाहेरच्या तिघा-चौघांना दाखवा, त्यांना काय कळले नाही ते लिहून घ्या आणि त्यावर तुम्ही काय बदल केला ते खाली लिहा. ज्यांचे घर वापरले त्यांची आणि जे पडद्यावर दिसतात त्यांची लेखी संमतीही याच वहीत चिकटवा. दिवसाला दहा मिनिटे लागतात.

वैयक्तिक चिंतनाचा उतारा तुम्ही पत्रात दिला आहे: ‘या प्रकल्पातून आम्हाला खूप काही शिकायला मिळाले. संघभावनेचे महत्त्व कळले.’ हे वाक्य कोणत्याही प्रकल्पाला चालेल, अगदी वृक्षारोपणालाही. त्याऐवजी, समजा, असे लिहिले असते: ‘रफ कट पाहताना चारपैकी तिघांना पाकिटात काय आहे ते कळले नाही. म्हणून मी तिकिटाचा दोन सेकंदांचा क्लोजअप घातला. त्यानंतर आजोबांचा संवाद अनावश्यक वाटू लागला, तो काढला.’ तीन वाक्ये आहेत, पण त्यांत काय बिघडले, तुम्ही काय केले आणि त्यातून पुढे काय उलगडले, हे सगळे आले.

निकषपत्रक निर्दोष आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. पहिल्या रकान्यातले ‘विषयाची मांडणी सर्जनशील आहे’ हे वाक्य खरोखरच मोघम आहे, आणि त्याबाबत तुमची तक्रार रास्त आहे. सर्जनशील म्हणजे काय, हे सत्राच्या सुरुवातीला उदाहरण दाखवून सांगणे ही शिक्षकांची जबाबदारी आहे, आणि विचारणे हा विद्यार्थ्यांचा हक्क. त्यासाठी एक उपाय सुचवते, तो इतर महाविद्यालयांतल्या वाचकांनाही उपयोगी पडेल. आधीच्या एखाद्या तुकडीचा लघुपट, त्या मुलांच्या परवानगीने, वर्गात सगळ्यांनी मिळून पाहावा. प्रत्येकाने हेच पत्रक हातात घेऊन स्वतंत्रपणे गुण द्यावेत. मग शिक्षकांनी आपले गुण सांगावेत. कोणी ध्वनीला १२ देतो, कोणी ६, आणि मग ‘तू १२ का दिलेस’ यावर जी चर्चा होते, तिच्यातून निकष जितके कळतात तितके पत्रक दहा वेळा वाचूनही कळत नाहीत. या विनंतीला बहुतेक शिक्षक नाही म्हणणार नाहीत. त्यांचाही पुढचा त्रास वाचतो.

फेरतपासणीचे म्हणाल तर अंतर्गत मूल्यमापनाला ती लागू आहे का, हे तुमच्या महाविद्यालयाच्या नियमांत आधी पाहा. बेरीज मी करून पाहिली, ती बरोबर आहे. प्रत्येक रकान्यात गुण आहेत आणि मोठ्या तुटीपुढे कारणही लिहिलेले आहे, त्यामुळे अर्जातून फार काही निघेल असे मला वाटत नाही. त्यापेक्षा शिक्षकांकडे वीस मिनिटांची वेळ मागा आणि वही सोबत न्या. ‘आम्हाला कमी का दिले’ असे विचारू नका, कारण त्या प्रश्नावर कोणीही बचावाच्या पवित्र्यात जातो, आणि ‘त्यांना जास्त का दिले’ हे तर मुळीच विचारू नका. ‘आमची नोंदवही कोणत्या पायरीवर थांबली आणि वरच्या पायरीसाठी तिच्यात कोणते पान हवे होते’ असे विचारा. उत्तर मिळाले की त्यांच्यासमोरच लिहून घ्या.

ड्रोनबद्दल दोन शब्द. नागपुरात विमानतळ आहे, वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालयही आहे, आणि २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार कुठे उडवता येईल हे नकाशावरच्या क्षेत्रांप्रमाणे ठरते. उत्साहात अंबाझरी तलावावर उडवून मग निस्तरत बसण्यासारखी ही गोष्ट नाही. पण परवानगी सहज मिळाली तरी मी विचारीन की तो शॉट पत्रकातल्या कोणत्या वाक्याचे उत्तर आहे. वरून तलाव सुंदर दिसतो हे कारण पुरेसे नाही. तलाव खालूनही सुंदरच दिसतो. विषयाच्या बाबतीतही हेच. परीक्षकांना आवडेल म्हणून अनोळखी वस्तीत कॅमेरा घेऊन जाल, तर ज्यांच्याविषयी तुम्हाला काही ठाऊक नाही अशा माणसांवर बारा मिनिटे काढावी लागतील आणि ‘हेतुपूर्वक निवड’ या शब्दांपाशी पुन्हा अडखळाल. त्या दुसऱ्या गटातल्या एका मुलाचे घर त्याच गल्लीत आहे, हे तुम्हीच पत्राच्या शेवटी कंसात लिहिले आहे. ते कंसातले वाक्य तुम्ही पुन्हा वाचा.

पंधरा हजार जमलेच असतील तर त्यांतले दोन-अडीच हजार कॉलर माइक आणि बऱ्या हेडफोनवर घाला, कॅमेरा गेल्या वेळचाच आणा, आणि उरलेले परत वाटून टाका.

राहता राहिला तुमचा तो मित्र, ज्याच्यामुळे ध्वनीचे गुण गेले असे गटाचे म्हणणे आहे. सगळी कामे वाटून झाल्यावर ‘जो उरला होता’ त्याला ध्वनी दिला, असे तुम्ही लिहिले आहे. दिग्दर्शक म्हणून ती वाटणी तुमची होती. या वेळी कामे वाटताना ध्वनीपासून सुरुवात करा. ते काम पुन्हा त्याच्याकडेच गेले तरी हरकत नाही, फक्त हेडफोन त्याच्या कानावर असू द्या आणि टेक संपला की ‘झाला का?’ हे कॅमेऱ्यामागच्या मुलीच्या आधी त्याला विचारा.